दुहेरी समाकलातील क्रमबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील उत्तरे मुख्यतः अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘एम-टू’चा (गणिताचा दुसरा) पेपर देणाऱ्या आणि बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. वर्गात ज्याला सर्रास डबल इंटिग्रल म्हटले जाते, त्यालाच येथे दुहेरी समाकल म्हटले आहे. लेखनासाठी एक संकेत पाळला आहे. ∫(क्ष: ० ते १) ∫(य: क्ष ते १) असे लिहिले असेल, तर उजवीकडचा, म्हणजे आतला समाकल य या चलाचा असून तो आधी सोडवायचा, डावीकडचा, म्हणजे बाहेरचा समाकल क्ष चा असून तो नंतर सोडवायचा. ई हा नैसर्गिक लॉगॅरिथमचा पाया आहे (२.७१८…) आणि ‘लॉग’ म्हणजे सर्वत्र नैसर्गिक लॉगॅरिथमच समजावा.

प्रश्न: समाकलनाचा क्रम बदलायचा म्हणजे नेमके काय करायचे?

दुहेरी समाकल हा प्रतलावरील एका प्रदेशावर घेतलेला असतो. तो सोडवण्यासाठी आपण त्या प्रदेशाचे बारीक पट्ट्यांत तुकडे करतो, एका पट्टीवरची बेरीज आधी घेतो आणि मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज करतो. आतला समाकल य चा असेल तर पट्ट्या उभ्या असतात. क्ष चा असेल तर आडव्या. क्रम बदलणे म्हणजे त्याच प्रदेशाच्या उभ्या पट्ट्यांऐवजी आडव्या पट्ट्या पाडणे किंवा याच्या उलट करणे. शेताला वखराची उभी पाळी दिली काय किंवा आडवी दिली काय, वखरले जाते ते तेवढेच रान. बदलतात त्या फेऱ्या. प्रदेश तोच राहतो आणि समाकल्य फलनही (ज्याचे समाकलन करायचे ते) तेच राहते, त्यामुळे क्रम बदलताना फलनाला हात लावायचा नसतो, फक्त सीमा नव्याने लिहायच्या असतात.

प्रश्न: दिलेल्या क्रमाने गणित सोडवण्यात अडचण कोणती? मुळात क्रम बदलावाच का?

कारण काही वेळा दिलेल्या क्रमाने आतला समाकलच सुटत नाही. पुढील उदाहरण घ्यावे:

∫(क्ष: ० ते १) ∫(य: क्ष ते १) ई^(य²)

येथे आधी ई^(य²) चे य च्या सापेक्ष समाकलन करायचे आहे. आदेश पद्धत (सब्स्टिट्यूशन) लावून पाहिली, खंडशः समाकलन करून पाहिले, तरी हाती काही लागत नाही, आणि त्यात सोडवणाऱ्याचा काही दोष नाही. बहुपदी, घातांकी, लॉगॅरिथमी व त्रिकोणमितीय फलने आणि त्यांच्या नेहमीच्या संयोगांतून ज्याचा अवकलज ई^(य²) येईल असे फलन तयारच करता येत नाही. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ ल्यूव्हील यांनी १८३० च्या दशकात या प्रकारच्या अशक्यतेची सिद्धता देणारी उपपत्ती उभी केली. साइन(य)/य, साइन(य²), ई^य/य आणि १/लॉग(य) ही फलनेही याच पठडीतली. परीक्षेतील प्रश्नात आतल्या समाकलात यांपैकी एखादे फलन दिसले, तर प्रश्न काढणाऱ्याला क्रमबदलच अपेक्षित आहे असे बेलाशक समजावे.

आता प्रदेश पाहू. क्ष हा ० पासून १ पर्यंत जातो आणि प्रत्येक क्ष साठी य हा तिरप्या रेषेपासून, म्हणजे य = क्ष पासून, य = १ पर्यंत वर चढतो. हा (०, ०), (०, १) आणि (१, १) हे शिरोबिंदू असलेला त्रिकोण आहे. त्यात आडव्या पट्ट्या पाडल्या, तर प्रत्येक पट्टी डावीकडे य-अक्षावर, म्हणजे क्ष = ० वर सुरू होते आणि उजवीकडे तिरप्या रेषेवर, म्हणजे क्ष = य वर संपते; आणि अशा पट्ट्या य = ० पासून य = १ पर्यंत आहेत. म्हणून समाकल असा होतो:

∫(य: ० ते १) ∫(क्ष: ० ते य) ई^(य²)

आतल्या समाकलात आता ई^(य²) हे स्थिरांकासारखे बाहेर येते आणि उरते य·ई^(य²). तो आगंतुक य हाच आपल्याला हवा होता, कारण य² = ट हा आदेश आता सरळ लागतो. उत्तर (ई − १)/२, म्हणजे सुमारे ०.८५९. जे फलन सुटत नव्हते ते अजूनही सुटलेले नाही. त्याला जोडीला य मिळाला, इतकेच.

प्रश्न: क्ष आणि य यांच्या सीमांची नुसती अदलाबदल केली तर चालेल का?

चालणार नाही, अपवाद फक्त आयताकृती प्रदेशाचा, जेथे चारही सीमा स्थिरांक असतात. वरच्या उदाहरणात अदलाबदल केली तर ∫(य: क्ष ते १) ∫(क्ष: ० ते १) असे काहीतरी तयार होते. यात आतला समाकल सोडवल्यावर क्ष निघून जातो आणि बाहेरच्या सीमेत मात्र क्ष शिल्लक राहतो, म्हणजे उत्तर संख्या येण्याऐवजी क्ष मध्ये येते. ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी एक नियम पाठ करून ठेवायला हरकत नाही: बाहेरच्या समाकलाच्या सीमा स्थिरांकच असल्या पाहिजेत, आणि आतल्या समाकलाच्या सीमांत फक्त बाहेरचा चल येऊ शकतो. मात्र हा नियम पाळूनही सीमा चुकू शकतात. ∫(य: ० ते १) ∫(क्ष: य ते १) हे दिसायला निर्दोष आहे, पण ते तिरप्या रेषेच्या खालच्या त्रिकोणाचे आहे, आपल्या त्रिकोणाचे नव्हे.

प्रश्न: आकृती काढली. आता तिच्यावरून नव्या सीमा कशा वाचायच्या?

येथे थोडे थांबून काम करणे फायद्याचे ठरते, म्हणून जरा अवघड उदाहरण घेऊ:

∫(क्ष: −१ ते २) ∫(य: क्ष² ते क्ष + २) फ(क्ष, य)

आधी सीमा समीकरणांच्या रूपात एकाखाली एक लिहाव्यात: य = क्ष², य = क्ष + २, क्ष = −१, क्ष = २. पहिले अन्वस्त (पॅराबोला) आहे आणि दुसरी रेषा. दोन्ही एकमेकांना (−१, १) आणि (२, ४) येथे छेदतात, त्यामुळे क्ष = −१ आणि क्ष = २ या उभ्या रेषा प्रदेशाच्या कडा न राहता केवळ टोकाच्या बिंदूंतून जातात. प्रदेश म्हणजे वर तिरपी रेषा आणि खाली अन्वस्ताची खोलगट कड असलेला तुकडा.

आता कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि कागदावर आडवी ठेवा. (मराठीत मोजपट्टीलाही पट्टीच म्हणतात, हे या कामी सोयीचे पडते.) पट्टी अन्वस्ताच्या तळाशी, य = ० वर ठेवून हळूहळू वर सरकवत न्या आणि प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारा: डावीकडून येताना मी प्रदेशात कोणत्या कडेने शिरतो, आणि उजवीकडे कोणत्या कडेने बाहेर पडतो? सुरुवातीला पट्टी अन्वस्ताच्या डाव्या हाताने आत शिरते आणि उजव्या हाताने बाहेर पडते. य = क्ष² याचे क्ष साठी रूप दोन चिन्हांनी येते, म्हणून प्रवेश क्ष = −√य वर आणि निर्गम क्ष = √य वर. पट्टी य = १ वर पोचली की डावे टोक (−१, १) या कोपऱ्याला टेकते आणि तेथून पुढे चित्र बदलते. आता प्रवेश तिरप्या रेषेतून होतो, म्हणजे क्ष = य − २ वर, निर्गम मात्र पूर्वीसारखाच क्ष = √य वर. हे य = ४ पर्यंत चालते. म्हणून:

∫(य: ० ते १) ∫(क्ष: −√य ते √य) फ + ∫(य: १ ते ४) ∫(क्ष: य − २ ते √य) फ

प्रवेशाची किंवा निर्गमाची कड बदलली की समाकल तोडायचा, एवढेच तुकडे पाडण्यामागचे सूत्र आहे. कड कोठे बदलते हे छेदनबिंदू सांगतात, म्हणून ते अंदाजाने न काढता समीकरणे सोडवून काढावेत. य = क्ष² ची उलट बाजू लिहिताना ऋण मूळ विसरणे ही या प्रकारातली सर्वांत महागडी चूक आहे. अन्वस्ताचा डावा हात तिच्यामुळे पूर्ण गळून पडतो आणि सीमा दिसायला तरीही व्यवस्थितच दिसतात.

प्रश्न: माझ्या प्रश्नात दोन समाकलांची बेरीजच दिली आहे. तेथे काय करायचे?

बहुधा वरच्या प्रक्रियेची उलट दिशा अपेक्षित असते. दोन्ही समाकलांचे प्रदेश एकाच आकृतीत काढावेत. ते एका सामाईक कडेने जोडलेले दिसतील, आणि दुसऱ्या दिशेने पट्ट्या पाडल्यास दोहोंचा मिळून एकच समाकल होईल.

प्रश्न: नव्या सीमा बरोबर आहेत की नाहीत, हे उत्तर न पाहता कसे ताडून पाहावे?

फ च्या जागी १ ठेवून दोन्ही क्रमांनी क्षेत्रफळ काढावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि माझ्या मते याहून चांगली तपासणी नाही. वरच्या उदाहरणात जुन्या क्रमाने क्ष + २ − क्ष² याचे −१ ते २ समाकलन केल्यास ९/२ येते. नव्या क्रमाने पहिला तुकडा ४/३ आणि दुसरा १९/६ येतो. बेरीज २७/६, म्हणजे पुन्हा ९/२. ऋण मूळ विसरून पहिल्या तुकड्याची खालची सीमा ० घेतली असती, तर ४/३ ऐवजी २/३ आले असते आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडली असती. क्षेत्रफळ जुळले म्हणजे सीमा बरोबरच आहेत अशी खात्री मात्र नाही. तिरप्या रेषेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही त्रिकोण १/२ क्षेत्रफळाचेच असतात. त्यासाठी प्रदेशाच्या आतला एखादा बिंदू घेऊन तो दोन्ही रूपांतील असमता पाळतो का, हेही पाहावे. पहिल्या उदाहरणात (१/४, ३/४) हा बिंदू पुरेसा आहे.

प्रश्न: कड साइनसारख्या वक्राची असेल तर?

पद्धत तीच, पण व्यस्त फलनाची कोणती शाखा घ्यायची इकडे लक्ष द्यावे लागते. क्ष: ० ते π आणि य: ० ते साइन(क्ष) हा प्रदेश एका टेकाडासारखा आहे. आडवी पट्टी चढत्या बाजूने आत शिरते आणि उतरत्या बाजूने बाहेर पडते. म्हणून य: ० ते १ आणि क्ष: आर्कसाइन(य) ते π − आर्कसाइन(य). दोन्ही सीमांना आर्कसाइन(य) लिहून पट्टीची लांबी शून्य करणारी उत्तरपत्रिका ज्यांनी तपासली आहे, त्यांना हा इशारा अनाठायी वाटणार नाही.

प्रश्न: खालची सीमा वरच्या सीमेपेक्षा मोठी निघाली तर?

हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, पण विचारला जायला हवा. ∫(क्ष: ० ते २) ∫(य: क्ष² ते क्ष) पाहा. क्ष = १ च्या अलीकडे क्ष² हा क्ष पेक्षा लहान आहे, पलीकडे मोठा आहे. त्यामुळे पलीकडच्या भागात आतला समाकल उलट्या दिशेने घेतला जातो आणि त्या प्रदेशाचा वाटा ऋण चिन्हाने येतो. आकृतीत दोन प्रदेश दिसतात म्हणून दोन्हींची सरळ बेरीज केली, तर उत्तर चुकते. अशा वेळी आधी क्ष = १ वर समाकल तोडावा, दुसऱ्या भागाच्या सीमा उलटवून पुढे वजा चिन्ह लिहावे आणि मगच प्रत्येक भागाचा क्रम बदलावा.

प्रश्न: सीमेत अनंत असेल तर हीच पद्धत चालते का?

समाकल्य फलन कोठेही ऋण होत नसेल तर निर्धास्तपणे चालते. ∫(क्ष: ० ते ∞) ∫(य: क्ष ते ∞) ई^(−य)/य हे नेहमीचे उदाहरण आहे. प्रदेश म्हणजे पहिल्या चरणातील तिरप्या रेषेच्या वरची अमर्याद पाचर. आडव्या पट्टीवर क्ष हा ० ते य जातो, पट्टीची लांबी य आहे, ती भाजकातल्या य ला खाऊन टाकते आणि उरलेल्या ई^(−य) चे ० ते ∞ समाकलन १ येते. फलन धन आणि ऋण दोन्ही होत असेल, तर शेवटचा प्रश्न वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न: याचा उपयोग केवळ पाठ्यपुस्तकातील गणितांपुरताच आहे का?

नाही. किंबहुना क्रमबदलाची खरी ताकद दिसते ती समोर दुहेरी समाकल नसतानाच. पुढील एकेरी समाकल पाहा:

∫(क्ष: ० ते १) (क्ष² − क्ष)/लॉग(क्ष)

याला थेट हात घालता येत नाही. परंतु क्ष^य याचे य च्या सापेक्ष समाकलन केले तर क्ष^य/लॉग(क्ष) मिळते, म्हणून (क्ष² − क्ष)/लॉग(क्ष) हा खुद्द क्ष^य चा य: १ ते २ असा समाकल आहे. तो आत बसवला की एकेरीचा दुहेरी समाकल होतो. प्रदेश आयत असल्यामुळे क्रम बदलायला आकृतीचीही गरज नाही. क्ष^य चे ० ते १ समाकलन १/(य + १) येते आणि त्याचे १ ते २ समाकलन लॉग(३/२), म्हणजे सुमारे ०.४०५. अवघड गणित आधी जाणूनबुजून मोठे करून मग सोडवण्याची ही रीत पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूसारखी वाटते.

दुसरे उदाहरण गतिशास्त्रातले आहे. स्थिर अवस्थेतून निघालेल्या गाडीचे त्वरण त(स) हे काळानुसार बदलत असेल, तर क या क्षणापर्यंत कापलेले अंतर काढण्यासाठी दोनदा समाकलन करावे लागते: ∫(र: ० ते क) ∫(स: ० ते र) त(स). प्रदेश पुन्हा त्रिकोणच. क्रम बदलला की र हा स ते क असा जातो, आतला समाकल क − स इतका येतो आणि सगळ्याचे एकच समाकलन होते: ∫(स: ० ते क) (क − स)·त(स). याला भौतिक अर्थही आहे. स या क्षणी जो थोडासा वेग वाढला तो पुढे क − स इतका वेळ टिकला आणि तेवढ्या वेळात त्याने अंतराला आपली भर घातली. त्वरण स्थिर ठेवले तर यातूनच शाळेत शिकलेले ½·त·क² बाहेर पडते. त्रिकोणी प्रदेशावरील हा क्रमबदल जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यांच्या नावाने ओळखला जातो.

प्रश्न: क्रम बदलावा की ध्रुवीय सहनिर्देशक घ्यावेत, हे कसे ओळखावे?

फलनात किंवा सीमांत क्ष² + य² दिसत असेल, तर ध्रुवीय रूप आधी करून पाहावे; वर्तुळाच्या प्रदेशावर क्रम बदलल्याने पुन्हा तसेच वर्गमूळ पदरी येते आणि काम पुढे सरकत नाही. फलनात अडवणूक करणारा चल एकच असेल, तर क्रमबदल करावा.

प्रश्न: संगणकावर उत्तर मिळत असताना हे हाताने का करावे?

प्रदेश पाहण्यासाठी डेस्मॉससारखे आलेख काढणारे साधन जरूर वापरावे. असमता टाइप केल्या की प्रदेश रंगवून मिळतो. मात्र सूत्ररूप उत्तर देणारी साधने दिलेल्या क्रमानेच गेली, तर ई^(य²) साठी त्रुटी-फलनाच्या (एरर फंक्शनच्या) कुळातील विशेष फलने वापरून लांबलचक पदावली हातात ठेवू शकतात. ती शेवटी (ई − १)/२ इतकीच आहे हे ओळखायला क्रमबदल माहीत असावा लागतो.

प्रश्न: तिहेरी समाकलात किती क्रम शक्य असतात?

सहा. एकदम तिन्ही चलांचा क्रम बदलण्याचा आग्रह धरू नये. शेजारच्या दोन चलांची जोडी घेऊन तिसरा चल स्थिर मानावा आणि वरचीच रीत लावावी. अशा पायऱ्यांनी सहापैकी कोणत्याही क्रमापर्यंत पोचता येते.

प्रश्न: क्रम बदलल्यावर उत्तर तेच येईल याची हमी कोण देतो? ते कधीच बदलत नाही का?

बदलू शकते, आणि हे ऑग्युस्तँ लुई कोशी यांच्या १८१४ मधील निबंधापासून गणितज्ञांना ठाऊक आहे. प्रदेश मर्यादित असून फलन कडांसह त्या संपूर्ण प्रदेशावर सतत असेल, तर काळजीचे कारण नाही. पाठ्यपुस्तकातील बहुतेक गणिते या वर्गात मोडतात. सर्वसाधारण हमी इटालियन गणितज्ञ ग्विदो फुबिनी यांच्या १९०७ मधील प्रमेयाने मिळते. फलनाच्या केवल मूल्याचा (चिन्ह सोडून घेतलेल्या मूल्याचा) दुहेरी समाकल सान्त, म्हणजे अनंत नसलेला, असेल, तर दोन्ही क्रमांनी उत्तर एकच येते. लेओनिदा तोनेल्ली यांनी १९०९ मध्ये दिलेल्या प्रमेयानुसार फलन ऋण नसेल तर समाकल सान्त आहे की नाही हे आधी तपासण्याचीही गरज नाही. दोन्ही क्रम एकच उत्तर देतात, मग ते अनंत का असेना. व्यवहारात दोन्ही प्रमेये जोडीने वापरतात: आधी केवल मूल्य घेऊन सोईच्या क्रमाने समाकल सान्त आहे हे दाखवायचे आणि मग मूळ फलनाचा क्रम बदलायचा.

हमी नसताना काय होते ते पाहण्यासाठी ० ते १ बाजूंच्या चौरसावर पुढील फलन घ्यावे:

(क्ष² − य²)/(क्ष² + य²)²

य च्या सापेक्ष आधी समाकलन केले तर य/(क्ष² + य²) मिळते, सीमा घातल्यावर १/(१ + क्ष²) उरते आणि त्याचे ० ते १ समाकलन π/४ येते. क्ष च्या सापेक्ष आधी केले तर क्ष आणि य यांच्या भूमिका उलटल्यामुळे फक्त चिन्ह बदलते आणि उत्तर −π/४ येते. दोन्ही आकडेमोडींत कोठेही चूक नाही. दोष आहे (०, ०) या कोपऱ्यात, जेथे फलन एका बाजूने धन अनंताकडे आणि दुसऱ्या बाजूने ऋण अनंताकडे धावते, आणि त्याच्या केवल मूल्याचा समाकल अनंत आहे. त्या कोपऱ्याला आपण कोणत्या वाटेने भिडतो यावर उत्तर ठरते. उभ्या पट्ट्या य-अक्षाच्या दिशेने सरकवत नेल्या तर π/४, आडव्या पट्ट्या क्ष-अक्षाच्या दिशेने सरकवत नेल्या तर −π/४. आणि कोपऱ्यातला लहानसा पाव-वर्तुळाकार तुकडा कापून टाकून त्याची त्रिज्या शून्याकडे नेली, तर उरलेला प्रदेश तिरप्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा असल्याने धन आणि ऋण वाटे एकमेकांना पुरते छेदतात आणि उत्तर शून्य येते.